आडवा ओरखडा

सेफेरिनो पॉलिश पेपर कात्रीने कापायचा नाही.
जुन्या करवतीच्या पात्याला टेकवून
एका हिसक्यात फाडायचा:
ऐंशीचा, मग एकशेवीसचा, मग एकशेऐंशीचा.
“पायरी गाळलीस तर लाकूड गप्प बसतं,” म्हणायचा,
“चुगली करतं ते तेल लावल्यावर.”

चिलोए बेटावर, आचाओच्या खालच्या अंगाला,
खांबांवर उभं त्याचं खोपट;
भरतीचं पाणी पायाखालून येऊन जायचं.
आत मान्योच्या फळ्या, लोण्याच्या रंगाच्या,
शेगडीवर कळकट किटली,
आणि मी, सोळा वर्षांची, नाकाला फडकं बांधून,
घाईत.

मी गोल गोल घासायचे.
तो मनगट धरून हात रेषेवर आणून ठेवायचा.
मांजराला कुरवाळतेस ना,
मग शेपटीकडून डोक्याकडे जातेस का?

फळी सपाट झाली की नाही, डोळ्यांना कळत नाही.
म्हणून आधी पेन्सिलीने सगळीकडे गिरगटायचं
आणि गिरगोटा जाईस्तोवर घासायचं.
शिसं उरलं, तिथे खळगा.
मी कंटाळून नागमोडी रेघा मारायचे.
तो मात्र पाठ वळवून, सावकाश,
काहीतरी लिहायचा.

त्या हिवाळ्यात टेबल होतं एवारिस्तोच्या पोरीच्या लग्नाचं.
एवारिस्तो म्हणजे सख्खा भाऊ.
अकरा वर्षांपूर्वी बापाचं अख्खं घर
बैलांच्या बारा जोड्या लावून, ओंडक्यांवरून,
ओहोटीच्या वाळूतून ओढत त्याने पलीकडच्या खाडीत नेलं.
सारा गाव दोर धरायला होता.
सेफेरिनो नव्हता.
तो मागे उरलेल्या खुंटांमध्ये उभा होता म्हणे,
चूल कुठे होती ते पायाने चाचपत.

हे मला सगळ्यांनी सांगितलं. त्याने नाही.

एका दुपारी तो सरपण आणायला गेला
आणि मी टेबलाचा माथा वाचला.

घर.
आईचं शिवणयंत्र.
दोन मेंढ्या, पैकी एक गाभण.
बटाट्याचं बियाणं, तीन पोती.
दवाखान्यात आला नाहीस.
आलास तेव्हा टोपी काढली नाहीस.
आणि खाली, गाठीला वळसा घालून, बारीक अक्षरात:
दोर धरायला मला बोलावलं नाहीस.

तो आला. ऐंशीचा कागद ठोकळ्याला गुंडाळला.
आधी घर गेलं. मग मेंढ्या.
पिवळा भुगा पिठासारखा भुवयांवर बसला.
गाठीपाशी लाकूड कठीण. तिथे वेळ लागला.
मी म्हटलं, मी करू?
“नको. इथे दाबायचं नसतं.
दाबलं की गाठ तशीच राहते, भोवतालचं खचतं.”

मग ओलं फडकं. लाकडाच्या अंगावर काटा आला.
रात्रभर वाळू दिलं,
सकाळी दोनशेवीसच्या कागदाने काटा उतरवला,
ताप बघायला कपाळावर हात ठेवतात
तेवढ्याच भाराने.
मग जवसाचं तेल.

आणि तेलात तो वर आला:
गाठीच्या डावीकडे, रेषेला आडवा, बोटभर ओरखडा.
ऐंशीचा. एकशेवीसने त्याला गाठलंच नव्हतं.
मी श्वास धरला. पुन्हा घासायचं म्हणजे दोन दिवस.
सेफेरिनोने चिंधी पिळली.
“राहू दे,” म्हणाला.
हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

एवारिस्तो शनिवारी होडी घेऊन आला.
टोपी डोक्यावरच.
या टोकापासून तळहात फिरवत निघाला,
गाठीशी अंगठा अडला.
मागे गेला. पुन्हा अडला.
तो सुतार नव्हता, पण पोरगा सुताराचाच होता.

बराच वेळ खाली पाणी खांबांना चाटत होतं.
“ओहोटी लागायच्या आत निघायला हवं,” तो म्हणाला,
“एकट्याने उचलायचं नाही हे.
दुसरं टोक धरशील?”

सेफेरिनो आधी हात धुवायला गेला.
नखांतला भुगा लवकर निघत नाही.
आम्ही थांबलो.